सुपा, रोजनिशी आणि आपली मुले

मराठी दौलतीच्या कारभारात 'नीस' हे पद मोठ्या मानाचे होते. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस ही आज आपण आडनावे म्हणून ओळखतो. मुळात ती लेखणीची कामे होत. लिहिणारा या अर्थाच्या 'नविस' या फारसी शब्दावरून हा प्रत्यय आला आणि आपला 'रोजनिशी' हा शब्दही त्याच कुळातला. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत ज्यांना मंत्री म्हटले गेले, ते वाकनीसच. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा या पदावर दत्ताजी त्रिंबक होते. राजाचा दिवस कसा गेला, भेटीस कोण आले, काय बोलणे झाले, याची टिपणे ठेवणे हे त्यांचे काम. रोजच्या रोज लिहून ठेवण्याला त्या काळी इतके मोल होते की त्यासाठी आठांतील एक प्रधान नेमलेला होता.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की मुलांना रोजनिशी लिहायला सांगावे असा विषय काढला की 'हे साहेबलोकांचे खूळ' म्हणून हसण्यावारी नेणारी मंडळी आपल्या तालुक्यातही भेटतात. डायरी हा शब्द साहेबाचा, हे खरे. पण कीर्द, रोजमेळ, याद, टिपण, रोजनामा हे शब्द आपल्या घरचे आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, कागद, शाई आणि लेखणी कशी असावी, असा सगळा तपशील त्यात आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात बोरूची चर्चा यावी, यावरून लिहिण्याकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी कळते.

रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि शिवकालीन दप्तराचा फार मोठा भाग आज आपल्यापुढे नाही. पेशव्यांच्या काळच्या रोजकिर्दी मात्र पुण्याच्या दप्तरात टिकल्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून उतारे निवडले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले. त्यांची ओळख करून देताना न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये जे विवेचन केले, त्याचा आशय आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात लढाया आणि तह यांचाच भरणा होता. लोक कसे जगत होते, कर कसा भरीत होते, दुष्काळात सूट कोणाला मिळाली, तंटे कसे तुटले, हे कळायचे असेल तर या रोजच्या नोंदींकडे वळले पाहिजे, असा रानड्यांचा रोख होता. पुढे राजवाडे घरोघर फिरले, माळ्यांवरची दप्तरे उघडली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. त्यांना जे सापडले ते कोणीतरी, कधीतरी, त्या त्या दिवशी लिहून ठेवलेले होते म्हणूनच सापडले.

या सगळ्या दप्तरात लहान मूल दिसते ते मुंज, लग्न आणि दत्तकविधान एवढ्याच निमित्ताने. त्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. अपवाद म्हणून नाना फडणिसांचे छोटेसे आत्मवृत्त सांगता येईल. १७४२ मध्ये जन्मलेले नाना पानिपतच्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. त्या रणातून जीव वाचवून परत येण्याची हकिगत तर त्यात आहेच. शिवाय बालपणीचा देवपूजेचा छंद आणि किशोरवयातील मनाची चंचलताही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पुढे सारी दौलत ज्याच्या बुद्धीवर चालली, त्या माणसाचे कोवळे मन आपल्याला या चार पानांतच भेटते. तेही मागाहून लिहिलेले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपला तालुका आमच्या लहानपणी सुपा तालुका म्हणूनच ओळखला जाई. डिग्गीच्या बाजूने निघालेली काळी आणि तिला येऊन मिळणारी पांढरी यांच्या संगमावरचे सुपा हे गाव त्याचे ठाणे. गणेशगुडीजवळचे सुमारे १०१ मीटर उंचीचे धरण १९८०च्या दशकात पुरे झाले, सुपा पाण्याखाली गेला, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि उठलेल्या कुटुंबांतील पुष्कळ जण रामनगरला वसले. हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. कित्येकांच्या अंगावरून गेले आहे.

सरकारी नोकरीत आमची हयात गेली. तेव्हा दप्तर काय ठेवते आणि काय ठेवीत नाही, याचा अंदाज आम्हाला आहे. बुडिताखालील जमिनीचे सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, झाडांची मोजणी, घराच्या भिंती मातीच्या की दगडी, नुकसानभरपाईचे निवाडे, हे सारे कागदावर येते. यायलाच हवे, त्यावाचून लोकांना पैसा मिळाला नसता. पण बाजाराच्या दिवशी सुप्याला कोठून कोण काय घेऊन येई, पावसाळ्यात होडी बंद पडली की शाळेत कोणती मुले येत नसत, देवळातली मूर्ती हलविताना कोणी गाऱ्हाणे घातले, शेवटच्या दिवशी चुली कधी विझल्या, हे कोणत्याही पंचनाम्यात नसते. १८८३ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे कानडा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. माहितीचा तो मोठा खजिना खरा, पण ती बाहेरून आलेल्या माणसाची नजर आहे.

धरणाचे पाणी चढत होते तेव्हा सुप्याच्या शाळेत दहा-बारा वर्षांची कितीतरी मुले होती. आज ती पन्नाशी-साठीत आहेत. त्यांतील एकानेही त्या काळी लिहिलेली वही आमच्या पाहण्यात आलेली नाही. कोणी लिहा म्हणून सांगितलेच नव्हते. आता त्यांना विचारावे तर प्रत्येकाचा सुपा निराळा. एकाच्या आठवणीत देऊळ नदीच्या अलीकडे, तर दुसऱ्याच्या आठवणीत पलीकडे. शेवटचा बाजार कोणत्या महिन्यात भरला यावर दोन सख्खे भाऊ आमच्यासमोर हातघाईवर आले होते. दोघेही खरेच बोलत असावेत. चाळीस वर्षे गेली की स्मरणाचा गाळ बसतो.

विष्णुभट गोडशांचे उदाहरण येथे पटण्यासारखे आहे. वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. 'माझा प्रवास' लिहिला तो मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी आणि छापून आला १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून, पुष्कळशा फेरफारांसह. मूळ संहितेचे दर्शन वाचकांना घडले ते १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांमुळे. पुस्तक अमोल आहे यात शंका नाही. तरीही त्यातील काही हकिगती आणि काळवेळ अभ्यासकांना इतर साधनांशी ताडून घ्याव्या लागतात. भटजींच्या पडशीत एखादी वही असती आणि रोज चार ओळी तीत पडल्या असत्या, तर काय झाले असते, हा विचार ते पुस्तक वाचताना आमच्या मनात दर वेळी येतो. लूटमारीत ती वही टिकली असती का, हा प्रश्न वेगळा.

येथे कोणी म्हणेल, की ज्यांना राण्या आणि वेढे पाहायला मिळाले त्यांनी लिहावे. आमच्या पोरांनी काय लिहायचे, गुरे रानात गेली आणि परत आली? तर होय, तेच. यामागे निव्वळ भावना नाही, व्यवहारही आहे. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या तालुक्यात घरोघर माहीत आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. १९३० च्या मागचा कागद कोणाच्या घरात असतो? डोंगरउतारावर नाचणी करणाऱ्या, कणगे आणि सुरण खणून पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला कागदाशी काय कर्तव्य होते? २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत गॅझेटिअर, जनगणना, नकाशे यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे कथन, लेखी उतरवून घेतलेले. ही ओळ वाचली तेव्हा आम्हाला वाटले, की हे उतरवून घेण्याचे काम नातवंडांच्या वहीत वीस वर्षांपूर्वीच सुरू झाले असते, तर ऐनवेळी ग्रामसभेत म्हाताऱ्या माणसांना आठवण्याची जी धडपड करावी लागली, ती थोडी हलकी झाली असती. शाळकरी पोराची वही म्हणजे कायद्याने मान्य केलेला दस्तऐवज, असा कोणी अर्थ घेऊ नये. पण आजी कोणत्या बांधाविषयी काय म्हणाली, हे तारखेसह लिहिलेले असणे आणि नसणे यांत जो फरक आहे, तो ज्यांनी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

असो. प्रश्न असा आहे, की मुलांना लिहिते करायचे कसे? येथे उपदेशापेक्षा पूर्वी कोणी काय केले ते पाहणे बरे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. दैनिक, आणि तेही हाताने लिहिलेले! १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक काढले. छात्रालयातील मुलांचे अंथरूण-पांघरूण आवरून, कंदील पुसून, वर्गात शिकवून उरलेल्या वेळात हा माणूस मुलांसाठी रोज लिहीत होता. 'लिहा' असे मुलांना सांगण्याआधी रोज लिहिणारा एक वडील माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' उतरली, याचे आश्चर्य सगळे करतात. त्या पाच दिवसांच्या मागे अमळनेरची ही रोजची सवय होती, याकडे थोड्यांचे लक्ष जाते.

दुसरे उदाहरण पुण्यातले. येरवड्याजवळचा आगाखान महाल १९४२ मध्ये गांधीजींचे बंदिस्थान झाला. १९१७ पासून गांधीजींच्या सहवासाची रोजनिशी लिहीत आलेले महादेवभाई देसाई तेथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले. पुढच्या वर्षी आजारी कस्तुरबांच्या सेवेसाठी मनू गांधी तेथे आली. पंधरा-सोळा वर्षांची पोर, आई नसलेली, शिक्षण अर्धवट. गांधीजींनी तिला रोजनिशी लिहायला लावले. सूत किती काढले, काय वाचले, बांना काय हवे-नको पाहिले, असा साधा गुजराती मजकूर. ती वही गांधीजी वाचीत आणि तिच्यावर सही करीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. त्या अखेरच्या महिन्यांचा आतून पाहिलेला वृत्तांत आज आपल्याकडे आहे तो या मुलीमुळे. त्रिदीप सुहृद यांनी तिच्या १९४३-४४ च्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गांधीजींना या सवयीचे महत्त्व स्वानुभवाने ठाऊक असावे. १८८८ मध्ये विलायतेला गेले तेव्हा एकोणिसाव्या वर्षी त्यांनीही रोजनिशी धरली होती. तिचा थोडासा भाग, तोही नकलेच्या रूपाने, उरला आहे.

तिसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे, पण आपल्या मुलांना ते बहुधा आधीच माहीत असते. अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीला १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवशी एक वही मिळाली. पुढच्याच महिन्यात ते कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममधील एका इमारतीच्या मागच्या भागात लपले आणि दोन वर्षे तेथे राहिले. १९४४ च्या मार्चमध्ये लंडनहून होणाऱ्या डच नभोवाणीवर त्यांच्या परागंदा सरकारच्या शिक्षणमंत्र्यांनी आवाहन केले, की युद्धकाळाचा इतिहास केवळ सरकारी कागदांवरून लिहिता येणार नाही. सामान्य माणसांनी आपल्या रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवावीत. लपून बसलेल्या त्या मुलीने हे ऐकले आणि आपली वही पुन्हा नीट लिहून काढायला घेतली. १ ऑगस्ट १९४४ ही तिची शेवटची नोंद. पुढे सारे पकडले गेले. जिवंत परतले ते एकटे वडील. या कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप खीस यांनी जमिनीवर विखुरलेली पाने गोळा करून टेबलाच्या खणात ठेवली होती आणि ती वाचली नव्हती. मुलगी गेल्याचे निश्चित कळल्यावर त्यांनी ती वडिलांच्या हाती दिली. १९४७ मध्ये पुस्तक निघाले. आपली मुलगी आतून कशी होती हे आपल्याला तोवर कळलेच नव्हते, असे वडिलांना ते वाचून वाटले.

नभोवाणीवरील त्या आवाहनाचा आशय आणि रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशीविषयी मांडलेला विचार एकमेकांशी किती जुळतो! दोघांमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे आणि सहस्र कोसांचे अंतर.

या उदाहरणांतून एक अडचणीचा मुद्दा पुढे येतो आणि तो टाळून चालणार नाही. मुलाची वही वडीलधाऱ्यांनी वाचावी की नाही? गांधीजी वाचीत होते. अ‍ॅनच्या घरी कोणी वाचीत नव्हते. मीपबाईंच्या खणात ती कोणी न वाचता राहिली. आपल्या घरांतील रीत पहिल्या बाजूला झुकणारी आहे. मुलाचे पत्र फोडून पाहण्यात आपल्याला काही गैर वाटत नाही. 'आमच्यापासून काय लपवायचे?' हा प्रश्न तयारच असतो. आमचे मत स्पष्ट आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलीची वही, तिने होऊन दाखविल्याशिवाय, कोणी उघडू नये. बापाने नाही, आईने नाही आणि शिक्षकांनी तर मुळीच नाही. जी वही तपासली जाणार आहे, तीत मूल तपासणाऱ्याला आवडेल तेच लिहिते. 'पहाटे उठलो, देवाला नमस्कार केला, अभ्यास केला.' अशी वही आणि सरकारी फिरतीची डायरी यांत काही अंतर नाही. नोकरीत दरमहा ती आम्ही सादर करीत असू: अमुक वाजता मुख्यालय सोडले, अमुक गावी पाहणी केली, अमुक वाजता परतलो. त्या पाहणीच्या दिवशी आम्ही उळवीच्या वाटेवर काय पाहिले, अणशीच्या घाटात धुक्यात जीप कशी थांबली आणि समोर काय उभे होते, यातील एक अक्षरही त्या डायरीत नाही.

पण गांधीजींच्या पद्धतीतही घेण्यासारखे आहे: मुलाचे लिहिणे मोलाचे आहे हे त्याला कळणे. म्हणून आम्ही काही कुटुंबांना सुचविले आणि दोन-तीन ठिकाणी ते चालूही झाले आहे, ते असे. घरात दोन वह्या असाव्यात. एक मुलाची स्वतःची. तिच्याशी घराचा संबंध ती विकत आणून देण्यापुरता. दुसरी घराची, उघडी, कोनाड्यात किंवा टीव्हीच्या बाजूला पडलेली. तीत आळीपाळीने कोणीही लिहावे, पण लिखाणाचे नेतृत्व मुलाकडे असावे. पहिला पाऊस कधी पडला. सुपारीला आणि काजूला काय भाव मिळाला. अस्वल कुळागरात केव्हा आले. रामनगरची बस किती दिवस आली नाही. कारवी कोणत्या वर्षी फुलली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्या दोन फुलण्यांच्या मधे शाळकरी पोराचे कॉलेज सुरू होते. नोंद नसेल तर मागची फुलोऱ्याची साल घरात कोणालाही सांगता येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

एका घरी बारा वर्षांच्या मुलीने आजीला विचारून सुप्याच्या बाजारपेठेचा नकाशा घरच्या वहीत काढला आहे. शेजारच्या आजोबांनी तो पाहून दोन दुकाने खोडली आणि तीन वाढविली. मुलीने खोडलेलीही तशीच ठेवली आहेत आणि बाजूला दोघांचे म्हणणे तारीख घालून लिहिले आहे. हे तिला कोणी शिकविले नव्हते. राजवाडे असते तर त्यांनी तिची पाठ थोपटली असती.

आता भाषेचा प्रश्न. आमच्या मंडळाच्या बैठकीत तो हमखास निघतो आणि निघाला की आवाज चढतात. आपल्या मुलांचे बोलणे घरी मराठी आणि कोंकणीत, शाळा कानडीत किंवा इंग्रजीत, मित्रांशी बोलणे तिन्ही-चारींत. मराठी पाटी हातात घेणारी मुले आमच्या लहानपणी जितकी होती तितकी आज नाहीत. म्हणून रोजनिशी मराठीतच हवी, असा आग्रह काही ज्येष्ठ सभासद धरतात. त्यांची तळमळ आम्ही समजू शकतो. १९५६ नंतर या सीमेवरच्या घरांनी भाषेसाठी काय सोसले, हे त्यांच्याइतकेच आम्हालाही ठाऊक आहे. तरीही या बाबतीत त्यांच्याशी सहमत होणे आम्हाला जमत नाही. रोजनिशीवर भाषेचा पहारा बसविला, तर मूल चार दिवसांत वही बंद करील आणि आपल्या हाती मराठीही लागणार नाही आणि रोजनिशीही. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'मधला लंपन मराठी वाचकांनी डोक्यावर घेतला; त्याच्या बोलण्यात बेळगावकडचे कानडी किती सहज मिसळलेले आहे! ते काढून टाकले तर लंपन उरतच नाही. मुलाला ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत त्याने लिहावे. आमची विनंती एवढीच, की शेताची, ओढ्याची, झाडाची, सणाची आणि पदार्थाची नावे घरात जशी उच्चारतात तशीच ठेवावीत. सुप्याखाली जमिनीबरोबर टेंबांची, कोंडींची आणि पाणंदींची अशी शेकडो नावे बुडाली. सर्व्हे नंबरांना नावे नसतात.

लिपीचेही असेच आहे. आमच्या पणजोबांची एक चोपडी घरात आहे. मोडीत लिहिलेली, लाल कापडात बांधलेली. मीठ, भात, उसने दिलेले रुपये आणि अधूनमधून काही लांबलचक मजकूर. आमच्या वडिलांना ती अडखळत वाचता येई. आमच्यापर्यंत मोडी पोचलीच नाही. तो लांबलचक मजकूर काय आहे, हे जाणून घेण्यासाठी मोडी जाणणाऱ्या एका अभ्यासकांकडे छायाप्रत पाठविली. उत्तर आले: एका पावसाळ्यात पूल वाहून गेल्यामुळे नऊ दिवस कोणी आले-गेले नाही, त्याची हकिगत. सोबत त्या नऊ दिवसांत घरात काय शिजले त्याची यादी. हिशेबाच्या वहीत या गोष्टीला जागा नव्हती, पण पणजोबांना ती लिहावीशी वाटली. साल त्यांनी घातले आहे, गाव घातले आहे. कोणता पूल ते घातलेले नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच असणार असे त्यांना वाटले. मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. जे आज सर्वांना माहीत आहे, तेच आधी लिहा.

राहिली वही टिकविण्याची गोष्ट. मोबाइलमध्ये लिहिणाऱ्यांना आम्ही अडवीत नाही, पण चार वर्षांपूर्वीच्या मोबाइलमधील मजकूर आज कोणाकोणाला काढून दाखविता येतो, हे एकदा घरात विचारून पाहावे. जुन्नरी कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेले दोन-अडीचशे वर्षे टिकले, कारण ती शाई ओलीने फिकी होत नाही. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भिंतींनाही पाझर फुटतो. हल्ली मुलांना आवडणाऱ्या जेल पेनांची शाई ओल लागली की पसरते. साधे बॉलपेन बरे, आणि शिसपेन्सिलीचे अक्षर तर पुसल्याशिवाय जात नाही. वही शिवलेली असावी. तारेच्या पिना गंजून कागद खातात. भिंतीला टेकवून ठेवू नये. पत्र्याच्या पेटीत, सुती फडक्यात बांधून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर बाहेर काढून एक दिवस सावलीत वारा द्यावा. कसर लागली आहे की नाही ते त्याच दिवशी पाहून घ्यावे.